घट्ट झाकण

लाकडी फणस, केळी, बोंडू
आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात द्यायचो, भाताचा पेंढा घालून.
आषाढात पुठ्ठा पापडासारखा सादळायचा,
कसर कोपरे खायची,
आणि पुण्याचं गिऱ्हाईक विचारायचं, आत नक्की काय?

मग सावंतवाडीत पारदर्शक डबे आले.
बोंडू लालबुंद दिसतो, हात लागत नाही.
खप वाढला. खोटं कशाला बोलू.

परवा वेंगुर्ल्याच्या रापणीत
बांगड्यांत आमचाच डबा निघाला,
लेबलावर वडलांचं नाव, अर्धं.
गिरपांची शेवंती म्हणाली,
"डबो बरो आसा, मिठाक व्हयो."
तिनेच उघडला.
आत कोरडं, रिकामं,
आणि अजून लाखेचा वास.