बांगडो संपलो

आधी बॅटरीची वायर सोडवली.
मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडून
आतलं रोटर काढलं,
अंगठ्याच्या पेराएवढं, तपकिरी,
आणि रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं.
त्याच्याशिवाय छप्पन सालची मॉरिस
म्हणजे चार चाकांचं कपाट.

टेम्पोवर चढवून चाकांना ट्रॉलरची साखळी घातली,
कुलूप पितळी, किल्ली करगोट्याला.
वर ताडपत्री. ताडपत्रीवर सुंभ.
आणि सगळ्यावर मासळीचे रिकामे क्रेट,
न धुतलेले, मुद्दाम.
ही अक्कल रॉकी तांडेलाची:
"चोराक डोळे आसत, तसा नाकय आसा."

मस्कारेन्हसबाई फाटकापर्यंत आल्या नाहीत.
खिडकीतूनच म्हणाल्या,
दार आपटू नका म्हणावं त्यांना, डावीकडचं.
मला काय सांगायचं?
एकोणीस वर्षं ते दार मीच बसवत आलोय.

हर्णैच्या हॉटेलवाल्याला ती पायरीशी उभी करायचीय.
आत पिवळे दिवे, टपावर सुरंगीचे गजरे,
पाहुण्यांनी टेकायचं आणि फोटो काढायचे.

देवगडला एका बाईनं हात केला, बांगडो कसो?
म्हटलं, संपलो.
जैतापूरच्या पुलाशी हवालदारानं
एका हातानं नाक धरलं
आणि दुसऱ्या हातानं जायला सांगितलं.
मालगुंड सोडल्यावर मात्र एक मोटारसायकल मागे लागली,
दोन पोरं, दिवा न लावता.
मी हळू, तीही हळू.
मी लघवीला थांबलो तर पुढे गेली,
आणि पुढच्याच वळणावर उभी.
मी पान्हा मांडीखाली घेतला.
एकजण काचेशी वाकला, म्हणाला,
"काका, मागची बत्ती बंद हाय तुमची.
आमचीबी गेलीय, म्हणून तुमच्या उजेडात येत होतो."

जयगडला पोचलो तेव्हा शेवटची फेरीबोट
पलीकडे तवसाळला लागलेली दिसत होती.
धक्क्यावर दुसरं कोणी नाही.
सात मांजरं, टेम्पोभोवती,
पगारी पहारेकऱ्यांपेक्षा जागी.
मी ताडपत्रीखाली शिरून
स्टिअरिंगमागे बसलो.
आत बांगड्याचा वास, त्याच्याखाली चामड्याचा,
आणि त्याच्याही खाली जुस्तीनसाहेबांच्या तपकिरीचा.

चोर कुठून येईल, याचा हिशेब करत होतो.
साखळीची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे.
रोटर? माझ्याकडे.
थंड असताना तिला चोक किती द्यायचा
हे ठाऊक असलेली माणसं दोन,
पैकी एक दफनभूमीत.
हर्णैचा रस्ता गुहागरावरून जातो,
आणि गुहागराहून चिपळूणलाही जाता येतं.
चिपळूणहून कुठेही.
रात्री तीनला हे सगळं
फार सोपं वाटत होतं.
मी मांजरं मोजली. सातच होती.
पुन्हा मोजली.

पहाटे पहिली फेरी.
खाडीच्या मधोमध आलो, दोन्ही काठ सारखेच लांब.
इथून गाडी कोण नेणार? मीसुद्धा नाही.
तिथे मला झोप लागली,
दहा मिनिटं असेल, पण दगडासारखी.

हर्णैला सही घेतली. कागद दिले, किल्ली दिली,
डावीकडच्या दाराचं सांगितलं.
त्यानं नाकाला रुमाल लावून विचारलं,
हा वास जाईल ना?
म्हटलं, चार दिवसांत.
सुरू करून दाखवू का?
तो हसला. "कशाला? उभीच तर राहणार आहे."

मग मी गप्प बसलो.
क्रेट टेम्पोत टाकले, साखळी गोळा केली.
जाताना डावीकडचं दार नीट लागलंय का, बघून घेतलं.

दाभोळच्या फेरीवर तिकीटवाल्यानं सुटे मागितले.
खिशात हात घातला.
रुमालाला हात लागला,
आतलं कठीण काहीतरी, अंगठ्याच्या पेराएवढं.
तो हात पुढे करून उभा.
सुटे नाहीत, म्हटलं,
आणि हात बराच वेळ
खिशातच ठेवला.