नव्व्याण्णव

रक्कम आकड्यांत दिली की अक्षरी करून देणारा
एक छोटा कोड आहे. दोनशे ओळींचा.
रोहिदास नावाच्या कुणी लिहिला, फुकट वाटला,
आणि तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी
कुणाच्या तरी तक्रारीवर 'पाहतो' एवढं लिहून
तो गेला तो गेलाच.
टेस्ट एकही नाही.
तरी कुठल्याकुठल्या पतपेढ्या
त्याच्या भरवशावर पावत्या छापतात म्हणे.

बिबवेवाडी. रात्रीचे सव्वाअकरा.
डब्याची भांडी ओट्यावर तशीच.
मी पहिली टेस्ट लिहिते:
शून्य दिलं तर 'शून्य' यावं.
आलं.
एवढ्यावरच उगाच बरं वाटतं.

आपले आकडे म्हणजे जुन्या पेठेतली घरं,
प्रत्येकाचं दार निराळ्या बोळात.
त्रेपन्न, त्रेसष्ट, आणि मग एकदम त्र्याहत्तर.
रोहिदासने ते सगळे मुकाट टाइप केलेत.
फक्त नऊवाल्यांपाशी कंटाळला असावा.
तिथे त्याचा नियम:
पुढच्या दशकाला 'एकोण' लाव.

एकोणतीस. एकोणसाठ. एकोणऐंशी.
एकोणनव्वदपर्यंत टर्मिनल हिरवंगार.
मग लाल.
अपेक्षित: नव्व्याण्णव.
मिळालं: एकोणशंभर.

मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले.
चुकीचा आहे, पण काय शहाणा दिसतो.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या खळदकरांना दाखवला.
एकतीस वर्षं कॅशियर.
"एकोणशंभर? ही नोट मी घेतली नसती."
मग यादीचे कागद मागितले,
सवयीने अंगठा ओला करून उलटत गेले,
आणि अठ्ठ्याहत्तरवर थांबले.
"ठ ला ठ जोडायचा. आळस नाही करायचा."
आणखी दोन चुका पेन्सिलीने.
"पैसे किती देतात याचे?"
"नाही देत."
"मालक कोण?"
"कुणीच नाही. सगळे."
"मग दोनदा मोजा."

दोनदा मोजलं.
पहाटे मार्केट यार्डाकडून ट्रकचे हॉर्न,
आणि वडिलांच्या दुकानातला मापारी आठवला:
लाभ, दोन, तीन, चार.
'एक' तो कधी उच्चारायचा नाही.
माझी दुसरी टेस्ट त्याच्यापुरती कायमची लाल.
तिच्यावर एक टीप लिहिली, पुसली,
पुन्हा लिहिली.

एकशे तीन टेस्ट. पाठवून दिल्या.
रोहिदासकडून काही नाही.
कुठे असेल, कसा असेल,
की दुसऱ्याच कशात रमला असेल,
याची टेस्ट लिहिता येत नाही.

संध्याकाळी बेल वाजली.
खळदकर, चपला न काढता उंबऱ्यातच.
"दुपारभर डोक्यात घोळतंय.
बाकी उणे असली, तर काय छापतं ते?"