चौथ्या रविवारचं पान

आमच्या बेटावर पाळक राहत नाही.
सहा आठवड्यांतून एकदा फेरीबोटीने येतो,
तेही समुद्राने येऊ दिलं तर.
एरवी साकारिस वाचायचा.
मेंढ्या कातरून लोकरीच्या तेलाने मऊ पडलेले त्याचे हात;
त्या हातांनी तो प्रवचनांचा जाड ग्रंथ उघडायचा
आणि केव्हाच मेलेल्या कुणा पाळकाचे शब्द
हवामानाची बातमी सांगावी तसे सांगायचा.
आवाज चढायचा नाही, पडायचा नाही.

मी तेव्हा अकरा वर्षांचा. घंटा ओढायचो,
आणि शनिवारी रात्री देवळातली शेगडी पेटवायचो,
कारण गारठलेल्या माणसाला देवाचं ऐकू येत नाही,
असं सुन्नेवा म्हणायची.
ती थट्टा करत नव्हती.

वेदीसमोर छताला एक लाकडी जहाज टांगलेलं,
हातभर लांब, शिडांसकट.
दार उघडलं की वळायचं.
नाळ कधी क्रुसाकडे, कधी आमच्याकडे.

ब्रांदुर गेला त्या हिवाळ्यात बोट सापडली.
तो नाही.
पुढच्या रविवारी साकारिस आला, कोट झटकला,
वाचलं.
मध्येच एकदा चष्मा पुसला, एवढंच.

जानेवारी सरता सरता प्रकटनाचा चौथा रविवार येतो,
ज्याच्या शुभवर्तमानात होडी आहे, वादळ आहे,
आणि होडीत गाढ झोपलेला प्रभू.
सात वर्षं साकारिसने ते पान उघडलं नाही.
तिसऱ्या रविवारचंच पुन्हा वाचलं:
कुष्ठरोगी, रोमी शताधिपती,
आणि घरी लुळा पडलेला त्याचा चाकर.
सगळ्यांना कळत होतं. कुणी खाकरलंसुद्धा नाही.
सात वर्षं, आमच्या बेटावर,
तो चाकर दर हिवाळ्यात दोनदा बरा झाला.

एकदा मी विचारलंच, दोर गुंडाळता गुंडाळता,
तुमचा विश्वास आहे?
'शेगडीत कोळसा घाल,' तो म्हणाला.
मग बाहेर, पायरीवर, टोपी घालताना:
'त्या चाकराला कुणी विचारलं होतं का,
विश्वास आहे का तुझा?
तो अंथरुणात होता.
चालत गेला तो दुसराच.'

आठव्या वर्षी त्याने पान चुकवलं नाही.
होडीत पाणी शिरलं.
शिष्यांनी प्रभूला हलवून जागं केलं.
प्रभू उठला
आणि साकारिस थांबला.

शेगडीत एक खडा तडकला.
आम्ही चौदा माणसं.
उपासनेतला मिनिट फार लांब असतो,
त्यात आपले बूट दिसतात, शेजाऱ्याचे बूट दिसतात.

मग सुन्नेवा,
जिचा नवरा आणि भाऊ त्याच पाण्यात आहेत,
जागेवरूनच, टाके मोजावेत तशा आवाजात
पुढचं वाक्य बोलली.
तिच्यामागून म्हातारा हायनी. मग आणखी कुणी.
एका सुरात नाही, मागेपुढे, अडखळत,
वारा पडला, समुद्र निवळला, असं म्हणत होतो आम्ही,
आणि खिडक्या त्याच वाऱ्याने थडथडत होत्या.

साकारिसचे ओठ हलले का, ठाऊक नाही.
मी मागे, दोराजवळ.
एवढं दिसलं की त्याने ग्रंथ मिटला नाही.
त्या वाक्याखाली बोट धरून तो उभा राहिला
आणि आम्ही तिथवर पोचल्यावर
पुढे वाचू लागला.

आता मी वाचतो.
शेगडी गेली, विजेचा हीटर आलाय,
तरी शनिवारी रात्रीच जाऊन लावतो.
पाहुणे विचारतात, विश्वास म्हणजे नक्की काय,
तर मला नीट सांगता येत नाही.
त्या पानावर एका ओळीखाली
लोकरीच्या तेलाचा पिवळा डाग आहे, बोटाएवढा.
तिथे मीही थांबतो.
वाक्य मला येतं. तरी थांबतो,
बाकांवरून कुणी म्हणेपर्यंत.

गेल्या वर्षी आम्ही सहाच होतो.
थोडा वेळ लागला.