पोटखराबा

सातबाऱ्यावर माझ्या जमिनीला एक शब्द आहे :
पोटखराबा.
तीन एकर सोळा गुंठे, लागवडीस अयोग्य.
भूमी अभिलेखात एकतीस वर्षं नकाशे काढले,
हा शब्द हजारदा लिहिला असेन
पेन न अडखळता.
कोणाचं पोट, कसली खराबी,
कधी विचारलं नाही.

निवृत्तीच्या पैशात सुप्याच्या अलीकडे हा माळ घेतला
आणि पहिल्या वर्षी अगदी शहाण्यासारखी वागले.
कोथरूडहून मिनीबस भरून माणसं नेली,
टोप्या, फलक, उपम्याचा डबा,
दोनशे खड्डे, दोनशे रोपं,
भोवती काटेरी तार, पाच पदरी.
फोटोत सगळे हसताहेत.

म्हाकू ठोंबरे मेंढरं थांबवून बघत होता.
म्हणाला, "बाई, माळावर झाडं लावलीसा.
आता माळ कुठं लावणार?"
मला राग आला.
चहा दिला नाही त्याला.

उन्हाळ्यात त्या तारेत चिंकाऱ्याचं पाडस अडकलं.
मागचा पाय वर, डोळे उघडे, डोळ्यांना मुंग्या.
मी पक्कड घेऊन पोचले तेव्हा
सोडवण्यासारखं काही उरलं नव्हतं.
तरी सोडवलं.
मग हात थांबेना,
खांबापासून खांबापर्यंत तोडत गेले
तळव्याला फोड येईतो.
भंगारवाल्यानं साडेसहा हजार दिले.

गिरिपुष्प मुळासकट काढायला दोन वर्षं गेली.
भाची ऋता म्हणाली, "मावशी, आम्ही झाडांसाठी भांडतो,
आणि तू?"
तिला गुडघ्यांवर बसवलं.
हे पवन्या. ही कुसळी, तुझ्या मोज्यांत घुसली ती.
हा मारवेल, गुरं आधी हाच शोधतात.
एवढ्याशा उंचीचं रान.
इथे धाविक अंडी घालते,
घरटं नाही, काडी नाही,
मातीच्या रंगावर भरवसा ठेवून
नुसती उघड्यावर.
म्हणून चैत्रात मी
माझ्याच जमिनीवर पाय बघून ठेवते.

म्हाकूची मेंढरं आता दिवाळीनंतर येतात,
बी गळून पडल्यावर, ठरल्याप्रमाणे.
गेल्या पौषात लांडग्यानं एक कोकरू नेलं.
मी पैसे पुढे केले. त्यानं निम्मेच घेतले.
"निम्मं त्याचंच असतंय," म्हणाला.
हे चहाच्या दुसऱ्या कपावर.

शेजारच्या भापकरांनी मात्र विकला.
चुन्याच्या रेघा, कमान,
कमानीवर रंगवलेलं हरिण,
शिंगं भलत्याच जातीची.
खोकडाचं बीळ नेमकं रेघांच्या आत गेलं,
प्लॉट नंबर चौदा.
मी टेप दोनदा टाकली, आशेनं.
माझी मोजणी चुकत नाही :
बांधापासून साडेचार मीटर पलीकडे.

चौदा नंबर हप्त्यानं घेतला.
आईच्या पाटल्या गेल्या त्यात.
विक्रीच्या टेबलावरचा पोरगा अर्ज भरत होता.
"वापर?"
निवासी, म्हटलं.
"कुटुंबात किती जण?"
यंदा चार पिल्लं दिसली होती. मी हिशोब केला.
सहा.
त्यानं लिहून घेतलं.

काल तेरा नंबरवर बोअर मारली.
रात्रभर घरघर, गवतावर पांढरी धूळ.
सकाळी बिळाच्या तोंडाशी माती उकरलेली,
ताजी, अजून ओलसर.
आत गेलीत की सोडून गेलीत,
पावलांवरून मला कळेना.
नकाशात असलं काही काढायला शिकवत नाहीत.

म्हाकूला विचारायला हवं.
पलीकडच्या वळणावर घंटा वाजतायत त्याच्या,
आधण ठेवते.