मुद्देमाल क्रमांक चार

विट्याच्या कोर्टात जिन्याखालची खोली माझी,
आठ बाय सहा.
कोयते, हातभट्टीचे कॅन, नंबर नसलेली एक लूना,
आणि सात वर्षं, खाकी पाकिटात, लाखेच्या शिक्क्याखाली
यंत्रमागाचा एक धोटा.

हातभर लाकूड. दोन्ही टोकांना लोखंडी चोच.
पोटात अर्धी उलगडलेली कांडी,
सुतावर तपकिरी डाग.
पुण्याच्या प्रयोगशाळेनं कळवलंय: मानवी, गट बी.

भिंत एकच होती.
अलीकडे रामलिंग चोथेचे चार माग,
पलीकडे बाजीराव शिरतोडेची बाज.
एसटीत एकतीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस,
इंजिनाच्या कानाशी बसून म्हातारा झालेला,
त्याला आवाजाचं काय एवढं?
पण बायको मिरजेहून घरी पाठवलेली.
डॉक्टर म्हणाले होते, आता घरीच बघा.
आणि वीज यायची रात्री अकराला,
तेव्हा चोथेचे माग सुटायचे ते सहापर्यंत.
फडताळातली पातेली एकमेकींना धडकायची.
ती म्हणायची, अहो, जरा बघा की.
हा उठायचा, भिंतीवर बुक्की मारायचा.
भिंतीला काय.

आधी विनंती. मग नगरपालिकेत अर्ज.
मग आयाबहिणी.
मग कार्तिकातल्या एका रात्री
खिडकीतून अर्धी वीट.
ताण्याचे धागे तुटले, किती ते मोजलं नाही कुणी,
सांधायला दोन दिवस लागले एवढं जबाबात आहे.
चोथे बाहेर आला तो हातात होतं ते घेऊन.
डाव्या भुवईला सात टाके.
डोळा राहिला, नजर निम्मी गेली.

सात वर्षांत मी दोघांना
पंख्याखालच्या एकुलत्या बाकावर पाहिलं,
मध्ये एका माणसाची जागा सोडून.
ती जागा कुणी घेत नसे, गर्दीतसुद्धा.
म्हातारी गेली दुसऱ्या वर्षी.
माग गेले पाचव्या वर्षी, भंगारात, किलोवर.
तारखा मात्र वेळेवर आल्या.

काल शिरतोडे पिंजऱ्यात चढला.
मी शिक्का फोडला, धोटा टेबलावर ठेवला.
म्हणाला, अंधार व्हता, बाईसाहेब.
मी पायरीवरनं पडलो.
सरकारी वकिलांनी फितूर म्हणून उलटतपास मागितला,
आणि टंकलेखक बडवत गेला
त्याच्या तोंडात कधी नव्हती ती भाषा:

हे म्हणणे खरे नाही की आरोपीने मला मारले.
हे म्हणणे खरे नाही की माझी आरोपीशी तडजोड झाली आहे.
हे म्हणणे खरे नाही की समोरचा धोटा मी ओळखतो.

या तिसऱ्याला तो थांबला.
चांगल्या डोळ्यानं बघत राहिला लाकडाकडे.
बाईसाहेब म्हणाल्या, काका, उत्तर द्या.
न्हाई, म्हणाला. न्हाई वळकत.

निर्दोष. दहा मिनिटांत.

दुपारी माझ्या खिडकीशी आला.
त्यो मिळंल का?
म्हटलं, आजोबा, वस्तू आरोपीची.
त्येला नको हाय. इचारलं मी.
मग अपिलाची मुदत संपली की नष्ट.
नष्ट म्हंजी?
जाळायचा. मागच्या अंगणात, बाकीच्यांबरोबर.

माझ्या रजिस्टरात रकाना असतो: कोणास परत दिला.
जखमीला, असं कधी लिहिलं नव्हतं मी.
तो उभा राहिला विचार करत,
आणि त्याची बोटं, त्याच्या नकळत असावीत,
खिडकीच्या पत्र्यावर वाजू लागली.
खटक् खट. खटक् खट.
मागं दोन वकील खोळंबलेले, एक जामीनदार.

बाकावरून चोथेनं मान वर केली.
सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला असेल,
तेही माझ्याकडं बघत:

येवढा सावकाश नव्हता माझा माग.