सांगली–वाशी, सात तास

मार्केट यार्डाच्या मागं, हळदीच्या गोदामाला लागून
आमचं ऑफिस. भिंतीवर तेवीस खिळे, बावीस किल्ल्या.
नवी गाडी आली तेव्हा शेठ म्हणाले,
चौदावा मोकळाच आहे की.
मी तेविसावा ठोकला.

आता दारावर पाटी आहे, सुरक्षा अधिकारी.
‘क्ष’ पेंटरनं दोनदा खोडून काढलाय.
त्याआधी मी फक्त रूट लिहायचे.
निघणे रात्री दहा. पोच पहाटे पाच. खाली सही.

तीनशे सत्तर भागिले सात.
कुठल्याही शाळेतलं पोर सांगेल, त्रेपन्न.
कागदावर त्रेपन्न किती गरीब दिसतो,
कुणाला काही करणार नाही असा.
पण पेठ नाक्यावरची रांग त्यात नाही,
कराडजवळ थांबून मारलेला चहा नाही,
लघवी नाही,
बारा टन हळद घेऊन चढाला वीसवर येणारं इंजिन नाही.
वीसची भरपाई कुठंतरी ऐंशीनं करावी लागते.
ती कुठं करायची
ते मी लिहिलं नव्हतं.

जिनाप्पा मगदूम गाडीत चप्पल काढून बसायचा,
पायाला पेडल कळलं पाहिजे म्हणायचा.
खंबाटकीचा बोगदा संपल्यावर, उतारावर,
चार वाजून दहा मिनिटांनी.
पंचनाम्यात चालकाची डुलकी.
विम्याच्या कागदात चालकाचा निष्काळजीपणा.
चपला सीटखाली होत्या, जोडीनं, जागच्या जागी.
माझा कागद
कुणी मागितलाच नाही.
तो अजून खणात आहे. अक्षर चांगलं आहे माझं.

आज रात्री शौकत मुजावर आला पावणेदहाला,
दाढी ताजी, अंगाला अत्तर.
किती झोपलास?
झोपलोय की मॅडम.
कुठं?
तो हसला. कवठेमहांकाळला भाचीचा साखरपुडा,
पहाटेपासून पंगतीत वाढत होता.
चालतंय की वो, दोन चहा मारतो, काय हुतंय.
मी किल्ली दिली नाही.

सव्वादहाला शेठचा फोन.
माल सकाळी लागला पाहिजे, दर पडला तर
तुमच्या पगारातनं कापू काय?
कापा म्हणाले.
म्हणताना आवाज बारीक झाला, ते खरं.
घराचा हप्ता पाच तारखेला जातो.
पलीकडून बराच वेळ टीव्हीवरची मॅच ऐकू येत राहिली,
मग फोन बंद.

शौकत माझ्याशी बोलला नाही.
भत्ता बुडाला त्याचा, शिवाय बाकीच्या पोरांसमोर.
गोदामात पोत्यांवर जाऊन आडवा झाला.
अकराच्या आत घोरायला लागला,
हा म्हणे दोन चहावर पोचणार होता.

मी स्क्रीनवरचे ठिपके बघत बसले.
सात नंबर पेठजवळ, चाळीस.
एकोणीस नंबर शिरवळला उभी, इंजिन बंद,
म्हणजे दगडू जेवतोय. जेव बाबा.
तीन नंबर अठ्ठ्याहत्तर. फोन करायचा नाही,
चालत्या गाडीला फोन करायचा नाही
हा नियम मीच लिहिलाय.
मग फक्त बघायचं. सत्त्याहत्तर. एकोणऐंशी.
एकसष्ट.
तेव्हा श्वास सोडला.

साडेचारला शौकत उठला, शर्टाची पाठ पिवळीधमक.
तोंड धुतलं, माझ्याकडं न बघता
टायर वाजवत गाडीभोवती फिरला.
मी नवा कागद लिहिला: निघणे पहाटे पाच,
पोच
आणि तिथं पेन थांबलं.
दुपारी, असं लिहिलं. आकडा नाही लिहिला.
शेठ विचारतील, दुपारी म्हणजे किती वाजता.

रजिस्टरात कालच्या रात्रीपुढं रकाना आहे, ‘घटना’.
तो रिकामाच ठेवायचा असतो,
पण मी तिथं बारीक लिहिलं: झोपला.

पाच वाजून गेले. गाडी अजून दारातच.
डावा ब्रेकलाइट लागत नाही.
वायरमनला तीनदा फोन केला.
उचलत नाही.
शौकत पायरीवर बसून बडीशेप खातोय.
पुडी पुढं केली त्यानं,
न बघताच.