शेऱ्याचा रकाना

फरहीन परकारचा फोन सकाळी सहाला.
तळोज्याची, दहावीतली, वडिलांची दुर्बीण गळ्यात.
"काका, करावेच्या तळ्यात काहीतरी गोल फिरतंय.
बदक नाही. तुतवारासारखं, पण पोहतंय."

तुतवार असा पोहत नाही.
अर्धा चहा तसाच टाकून निघालो.

यंदा हे असंच चाललंय.
येऊरच्या पायथ्याशी हिमालयातला माशीमार,
दोन दिवस एका उंबरावर, फुटक्या नळाशेजारी.
खारघरच्या टेकडीवर वाळवंटातला चंडोल,
आपल्या वाळल्या गवताला राजस्थान समजून बसलेला.
कळव्याच्या पुलाखाली भर दुपारी
खोल समुद्रातली सुरय, दमून,
नांगरलेल्या होडीच्या काठावर.
आणि मी, विमा कचेरीतून सुटलेला माणूस,
एकोणीस वर्षं एकच वही भरतोय:
तारीख, ओहोटी, वारा, नाव, संख्या, शेरा.
शंकेचं पेन्सिलीनं. खात्रीचं शाईनं.

ते खरंच फिरत होतं.
मुठीएवढं, राखी, डोळ्यामागे काजळ फिसकटलेलं,
एका जागी गरगर,
आणि दर गिरकीला चोचीनं
पाण्यावरून काहीतरी टिपणं, आपल्याला न दिसणारं.
पलीकडे हजारभर रोहित चिखलात माना खुपसून.
एकानंही वर पाहिलं नाही.

पुस्तकात सापडलं. फॅलारोप.
अंडी उत्तर ध्रुवाच्या शेजारी, हिवाळा भर समुद्रात,
किनारा दिसणार नाही इतकं आत.
माझ्या यादीत मराठी नावाची जागा कोरी.

दुसऱ्या दिवशी बांधावर चाळीस माणसं.
पुण्याचे डॉक्टर साठ्ये रात्रीच गाडी काढून,
नाशिकचे दोघे भाऊ, तोफेएवढ्या लेन्सा घेऊन.
सगळे हळू बोलत होते,
बारशाला यावं आणि पोर नुकतंच झोपलेलं असावं तसे.
शेऱ्यात काय लिहायचं, यावर वाद.
भटका म्हणावं, तर तो शब्द कुत्र्यांकडे गेला.
पाहुणा म्हणावं, तर पाहुण्याला घर माहीत असतं.
भरकटलेला, साठ्ये म्हणाले.
वाट चुकलेला, मी म्हणालो.

चिखलातून चांगुणा येत होती, दिवाळ्याची,
गुडघ्यापर्यंत काळी, पाटीत निवट्यांची तडफड.
"वाट नाय चुकला," ती न थांबताच म्हणाली.
"चुकायला आदी वाट पायजे.
पान्यावर कुठली वाट?
वाऱ्यानं आनला. वारा नेल."

चौथ्या पहाटे मतलई वारा सुटला.
तळं सपाट.
बांधावर एक कागदी कप, लेन्सचं एक झाकण.
फरहीन शाळेच्या गणवेशात उभी होती.
परत येईल का, असं तिनं विचारलं नाही.
म्हणाली, "काका, मराठीच्या जागी
भिंगरी लिहायचं का?"
लिहिलं. शाईनं.
शेरा अजून तसाच.

चांगुणा परतत होती,
आपल्याच पायांनी पाडलेल्या रेघेवरून.
तिच्या मागे निळ्या पत्र्याचं कुंपण,
दिवाळीत ते रस्त्याच्या कडेला होतं,
आता तिवरांच्या अलीकडे दोन हात.
"सगल्यांची नावं लिवतोस," म्हणाली,
"माजं पन लिव की."

मी पान उलटलं.
चांगुणा. दिवाळे. संख्या एक.
शेऱ्यात: नेहमीची.
हातात पेन्सिल होती, पेन्सिलीनंच लिहिलं.
मग ओहोटीची वेळ टाकली, सात चाळीस,
आणि वाऱ्यापुढे
बराच वेळ काहीच सुचलं नाही.